डब्यातला कूलर आणि नाकाडोंगरीचा मे

आमच्या विदर्भात कूलर म्हटलं की खिडकीला टेकवलेला, ताट्यांवर पाणी सोडणारा, धडधडणारा पत्र्याचा डबा. त्यामुळे "भावाच्या कॉम्प्युटरला कूलर पुरत नाहीये" असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "मग खोलीची दारं-खिडक्या लावून बसला असेल तो." मी हसलो. पण आईचं निदान माझ्यापेक्षा बरं होतं.

तर झालं असं. माझा जुना पीसी मी नाकाडोंगरीला चुलतभावाला दिला. रायझन ५ २६००, आणि प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला रेथ स्टेल्थ कूलर. भाऊ लग्नाचं शूटिंग करतो. देताना मोठेपणा म्हणून सगळे कोअर ४ गिगाहर्ट्‌झवर, १.३५ व्होल्टला बसवून दिले. पुण्यात जानेवारीत तासभर टेस्ट चालवली होती. खोली २४ अंश, प्रोसेसर ८३. "स्टॉक कूलर आरामात पुरतो रे," हे मी चार मित्रांना छाती फुगवून सांगितलंही.

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत त्याचा फोन. "दादा, हा रेंडर तं अडकूनच रायला. पोरीकडचे लोक रोज विचारून रायले."

गणित तिसरीतल्या पोराचं आहे. कूलर प्रोसेसरला ठराविक तापमानावर आणत नाही, तो फक्त खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर, एवढंच राखतो. माझ्याकडे तो फरक ५९ होता. गावच्या खोलीत ४१, म्हणजे झाले १००. या चिपची मर्यादा ९५. तिथे पोचली की ती जीव वाचवायला स्वतःच वेग पाडते. म्हणजे मी फुकटात वेग दिला नव्हता, उलट होता तोही काढून घेतला होता!

बरं, मिळवलं काय होतं? ३.७ वरून ४, म्हणजे जेमतेम ८ टक्के. आणि व्होल्टेज १.२ वरून १.३५. उष्णता वेगाच्या सरळ पटीत पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ती वाढली साधारण ३७ टक्के. हा सौदा तुमसरच्या बाजारात कोणी केला असता तर घरच्यांनी झापला असता.

आणखी एक गंमत. एएमडीने २७००एक्सचा १०५ वॉट हा आकडा काढताना कूलरच्या पंख्यापाशी येणारी हवा ४२ अंश धरली होती (६१.८ वजा ४२, भागिले ०.१८९, करून बघा). ही कॅबिनेटच्या आतली हवा. आमच्याकडे मे महिन्यात ४२ बाहेरच असतं, कॅबिनेट त्यावर अजून चढवतं. वर खाणपट्ट्यातली धूळ. कूलरच्या पात्यांवर महिन्याभरात काळी गोधडी बसते.

लोक १९९८ च्या सेलेरॉन ३००ए चे दाखले देतात, की ३०० चा ४५० साध्या कूलरवर चालायचा. चालायचा, खरंय. पण तेव्हा कंपन्या भरपूर वाव शिल्लक सोडायच्या. आता तो वाव बूस्टच्या नावाने आधीच वापरलेला असतो. इंटेलने तर २०१५ मध्ये स्कायलेकच्या के मालिकेच्या डब्यातून कूलरच काढून टाकला. माझ्या मते एसीत बसून दहा मिनिटांची टेस्ट करणाऱ्याने "पुरतो" म्हणूच नये, त्याने फक्त त्याचा एसी पुरतो हे सिद्ध केलंय.

असो. फोनवरच त्याच्याकडून बायोस मूळ सेटिंगवर आणला, व्होल्टेज उलट ०.०५ ने कमी केलं आणि ब्रशने पाती साफ करायला लावली. पत्र्याच्या कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नको म्हणून बजावलं, त्यात पाण्याचे तुषार असतात. रेंडर पहाटे संपला.

पोरीकडच्यांनी उशिराचे हजार रुपये कापले. मी पाठवले, त्याने परत केले. आता त्याच्यासाठी चार नळ्यांचा टॉवर कूलर मागवलाय. आईला अजून वाटतं की मी खिडकीत बसणारा पाठवतोय.