वेगळा कप आणि पिझ्झा

परवा रविवारी दुपारी सावेडीत नव्याने उघडलेल्या पिझ्झाच्या हॉटेलात आम्ही सहकुटुंब गेलो. मुलीचा पहिला पगार झाला होता, तिचाच आग्रह. सत्तरी ओलांडलेली आमची आई काचेच्या दाराशी थबकली. "मी हितंच बसते," म्हणाली. तिच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांचा कप बाहेर वळचणीला असे. चहा वरून ओतत, कप आपणच विसळायचा. हॉटेलात जातीवरून कुणाला अडवू नये, हे संविधानाचे १५वे कलम १९५० पासून लागू होते. १९५५ मध्ये अस्पृश्यता पाळणे शिक्षापात्र ठरले. तरी कप बाहेरच!

नातीने हात धरून आजीला मधल्या टेबलाशी बसवले. पिझ्झा मूळचा इटलीतल्या नेपल्स शहरातल्या गरिबांचे खाणे. मैद्याची भाकर, वर टोमॅटो नि चीज. घास घेऊन आई म्हणाली, "ठेचा पाहिजे व्हता." सगळे हसलो.

आठवड्याच्या भाजीचे पैसे गेले, हे रोज परवडणारे नाही. पण वाचकहो, कधीतरी मुलांना जरूर न्या. जाताना घरातल्या वडीलधाऱ्यांनाही न्या, आणि मुलांना त्या वेगळ्या कपाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.