शाळा मोडणारे आणि शाळेला विसरणारे



भोरहून वरंधा घाटाने महाडकडे जाणाऱ्या वाटेवर हिर्डोशीचे खोरे लागते. एका बाजूस नीरा देवघर धरणाचे पाणी व दुसऱ्या बाजूस सह्याद्रीचा कडा, अशा अरुंद पट्टीत तेथील वाड्या विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की एका वाडीचा दुसऱ्या वाडीशी संबंध तुटतो. अशाच एका वाडीवर काही दिवसांपूर्वी आम्ही एका कुटुंबाकडे बसलो होतो. ओसरीवर दोन पक्षांचे दोन कार्यकर्ते तावातावाने भांडत होते. एकाचे म्हणणे, मास्तरांच्या संघटनांनी सरकारी तिजोरी खाल्ली. दुसऱ्याचे म्हणणे, सरकारने शिक्षण विकावयास काढले. इतका वेळ चुलीपाशी बसून ऐकत असलेली त्या घरची बाई अखेर म्हणाली, "वकीलसाहेब, यांचं चालू द्या. शाळा बंद झाली तर माझी पोर जायची कुठं, तेवढं सांगा."

दोघा पुढाऱ्यांपाशी त्या प्रश्नास उत्तर नव्हते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हाच प्रश्न उद्या उभा राहणार आहे, म्हणून त्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून शोधले पाहिजे.

प्रथम घडलेल्या गोष्टी पाहा. २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांची योजना पुढे आली. त्या वेळी शासनाच्याच आकड्यांप्रमाणे वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात होत्या व त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती. या शाळांतील मुले एका मोठ्या शाळेत आणावयाची, असा तो विचार. नमुना म्हणून आपल्या शेजारच्या वेल्हे तालुक्यातील, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील, पानशेतची शाळा दाखविण्यात आली. पुढे ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, शासनाने असा निर्णय काढला की वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळेतील दोनपैकी एक शिक्षक महिना १५,००० रुपयांवर कंत्राटाने नेमावा. शिक्षक संघटनांनी त्याच महिन्याच्या २५ तारखेस सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. २०२५ साली हा कंत्राटी निर्णय रद्द झाला. निर्णय रद्द झाला, पण त्यामागची बुद्धी रद्द झाली असे समजून कोणी झोपी जाऊ नये.

आता जे म्हणतात की थोड्या मुलांसाठी दोन शिक्षक पोसणे म्हणजे उधळपट्टी, त्यांना आमचा पहिला प्रश्न आहे. शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग पगारावर जातो, ही तक्रार कसली? शाळा म्हणजे शिक्षकच होय. भिंती, फळा व पत्रे यांवर खर्च करून शिक्षकावर न करणे म्हणजे विहीर बांधून तिच्यात पाणी न ठेवणे होय. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक देतो. ही कोणा अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे. कायद्याच्या परिशिष्टातील ती तरतूद आहे. त्याच कायद्याने शाळा मुलाच्या परिसरात असली पाहिजे असे ठरविले, आणि महाराष्ट्राच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी हे अंतर एक किलोमीटर धरले. हे अंतर मुंबईच्या सपाट रस्त्यावर मोजणे निराळे आणि हिर्डोशीच्या उतारावर, आषाढाच्या पावसात, सहा वर्षांच्या मुलीच्या पावलांनी मोजणे निराळे.

पानशेतची इमारत चांगली आहे, मुलांना गाडीने नेले जाते, हे आम्ही नाकारीत नाही. गरिबांच्या मुलांना चांगली इमारत मिळू नये असे म्हणणारे आम्ही कोण? परंतु वाचकहो, फरक ध्यानी घ्या. वाडीवरची शाळा हा कायद्याने दिलेला हक्क आहे. गाडी ही दरसाल मंजूर होणाऱ्या पैशावर चालणारी सोय आहे. पैसा आटला, ठेकेदार पळाला किंवा दरड कोसळली की सोय थांबते. तोवर वाडीवरच्या शाळेस कुलूप लागलेले असते. त्या दिवशी घरी कोण राहील? मुलगा कसाबसा चालत जाईल. मुलगी भावंडे सांभाळावयास घरी राहील. आणि सर्वांत आधी घरी राहील ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुलगी, जिच्या बापाची शेती नाही आणि जिला तालुक्याच्या गावी ठेवावयास नातलग नाही.

पट कमी झाला म्हणून शाळा बंद, असे सांगितले जाते. पट कमी का झाला? २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा करून खाजगी शाळांस दार सताड उघडले गेले. ज्यांच्या हाती चार पैसे होते त्यांनी मुले तिकडे नेली. सरकारी शाळेत उरली ती ज्यांस दुसरा मार्ग नाही त्यांची मुले. म्हणजे आधी शाळा ओस पाडावयाची, मग ओस पडली म्हणून मोडावयाची! इतकेच नव्हे, ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेस दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट दिली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्दबातल ठरविला, ही समाधानाची गोष्ट. पण डाव उघड झाला. खाजगी शाळेच्या दाराशी गरिबास सांगावयाचे की तुला सरकारी शाळा आहे, आणि सरकारी शाळेच्या दाराशी सांगावयाचे की तुझा पट पुरत नाही.

यात पक्षोपक्षांचे जे नाटक चालते त्यासही भुलू नका. २०१७, २०२३ व २०२४ चे निर्णय एका बाजूच्या सरकारांचे. २०१२ चा कायदा दुसऱ्या बाजूच्या सरकारचा. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन काढून घेतली ती काँग्रेस व राष्ट्रवादीच्या सरकारने. २०२३ साली विरोधात बसल्यावर तेच त्या पेन्शनचे कैवारी झाले. इकडे सत्तेवरील पक्षाने २०२२ च्या डिसेंबरात विधिमंडळात सांगितले की जुन्या पेन्शनीने १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल व राज्य दिवाळखोरीत जाईल. संप होताच त्याच सरकारने वाटाघाटी केल्या. २०२३ च्या कंत्राटी भरतीचा निर्णय मागे घेताना पाप कोणाचे, यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोटे दाखविली. खरे पाहता दोन्ही बोटे बरोबर दिशेस होती.

आता दुसरी बाजू. मास्तरांच्या संघटनांविषयी आमचे मत काय? ते आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो.

संपाचा हक्क बाबासाहेबांनी मोडून काढू दिला नाही. १५ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध बोलताना त्यांनी मांडले की संप करणे म्हणजे आपले श्रम द्यावे की न द्यावे याचे स्वातंत्र्य होय, आणि त्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात ते स्वतः अग्रभागी होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सरकारी नोकरांस संपाचा हक्क नाही असे म्हटले. वकील म्हणून तो निकाल आम्ही जाणतो. परंतु बाबासाहेबांचा अनुयायी म्हणून, श्रम करणाऱ्याचे तोंड बांधणे न्याय्य आहे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. संघ स्थापण्याचा अधिकार तर घटनेच्या १९ व्या कलमातच आहे.

यात आपला स्वार्थही आहे, तो ओळखा. आपल्या समाजातील पहिल्या पिढीने जी कायम नोकरी पाहिली ती पुष्कळदा शाळेतील मास्तराची, पोस्टातील वा रेल्वेतील होती. महाराष्ट्रात १९६० पासून आणि केंद्रात १९९० च्या दुरुस्तीने, बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या माणसाचा सवलतींचा हक्क मान्य झाला. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पण हा हक्क चालतो तो पदावर. पद रद्द झाले, किंवा त्या पदाचे कंत्राट झाले, तर हक्क कोठे चालवावयाचा? आरक्षण कागदावर ठेवून पदेच नाहीशी करणे, हा आरक्षण मोडण्याचा सर्वांत गुपचूप मार्ग होय.

पण संघटनांनो, तुम्हासही विचारतो. १४ ते २० मार्च २०२३ असा सात दिवस तुम्ही पेन्शनीसाठी संप केलात. सारे राज्य दणाणले. वाडीवरची शाळा वाचावी म्हणून याच बळाने सात दिवस तुम्ही केव्हा बसलात? मोर्चाच्या मागणीपत्रात पटाचा विषय येतो तो पुष्कळदा पद अतिरिक्त ठरू नये म्हणून. मूल घरी बसू नये म्हणून किती वेळा येतो? दुर्गम शाळेवरची बदली टाळण्यासाठी जो धावाधाव करतो तो शिक्षक, आणि त्या शाळेत पावसातून चालत येणारा शिक्षक, या दोघांस संघटना एकाच मापाने मोजते की नाही? बाबासाहेबांनी गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांसही असेच विचारले होते. अस्पृश्य कामगारास विणकाम खात्यात शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि स्पृश्य कामगारास त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संघाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. संप त्यांस नको होता म्हणून नव्हे. ज्या एकजुटीत शेवटचा माणूस नाही ती एकजूट अपुरी, म्हणून.

तेव्हा आपण शिक्षकांच्या हक्काच्या बाजूने उभे राहावे, पण हात बांधून नव्हे. तुमच्या पेन्शनीस आमचा पाठिंबा, तर आमच्या शाळेस तुमचा, असा हा उघड करार असावा.

आणि केवळ ठराव करून भागावयाचे नाही. तुमच्या हाती एक साधन आहे. त्याच २००९ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, वंचित घटकांच्या पालकांस प्रमाणात जागा मिळाली पाहिजे, आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. हिर्डोशी खोऱ्यातील भगिनींनो, त्या समितीवर तुमच्यापैकी कोण आहे? नसेल तर पुढच्या पालकसभेस जा, नाव द्या, ठरावाची प्रत मागा. शाळा बंद करण्याची वा मुले हलविण्याची गोष्ट निघाली, तर समितीचा व ग्रामसभेचा विरोध लेखी नोंदवा, आणि त्यावर पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पोच घेतलेला कागद न्यायालयापर्यंत जातो.

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात सरकारास हिशेब विचारला होता, की तुम्ही शिक्षणावर माणशी १४ आणे खर्चता आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक घेता, हा न्याय कोणता? प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत केवळ अठरा पोचतात, हेही त्यांनी तेथेच सांगितले. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर गेले. शाळेचा पैसा व तळ्याचे पाणी या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. दोन्ही सार्वजनिक, दोन्ही सर्वांच्या, आणि दोन्हींच्या काठावरून आपणास हाकलण्यात येत होते.

हिर्डोशीपासून ते तळे घाट उतरून पलीकडे आहे. त्या ओसरीवरच्या भगिनीस आमचे उत्तर एवढेच: बाई, तुझी पोर कोठेही जावयाची नाही. शाळाच वाडीवर राहिली पाहिजे, आणि ती राखण्याचे काम तुझे, आमचे व मास्तरांचे आहे.

जय भीम.