मुलाला दम देण्याआधी

चाकण-महाळुंगे पट्ट्यात जमिनी एमआयडीसीला गेल्या, मोबदला आला, उरलेल्या तुकड्यांवर भाड्याच्या खोल्या उठल्या. त्या खोल्यांचं भाडं कोण खिशात घालतं, हे आळीत सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच घरातल्या म्हातारीला बीपीच्या गोळ्यांसाठी हात पसरावा लागतो, हेही ठाऊक असतं. पण "घरचा मामला" म्हणून सगळे गप्प. हक्कसोडपत्रावर सही करून दिलेल्या लेकीची तर पुरती कोंडी. आईसाठी तोंड उघडलं की "हिश्शासाठी आली", आणि माहेर बंद.

ज्यांना राहवत नाही, ते थेट मुलाला जाऊन दम देतात. याने म्हातारीचे हाल वाढतात. दम देणारा निघून जातो, ती त्याच घरात उरते. आधी तिला एकटीला गाठावं, देवळात किंवा दवाखान्यात नेताना, आणि तिला काय हवंय ते विचारावं. उत्तर बहुधा एकच येतं: "पोराला पोलिसात देऊ नका."

मग तिला सांगावं, की पोलिसांखेरीजही वाट आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. सुनावणीआधी प्रकरण समेटासाठी पाठवता येतं. चाकणकरांसाठी हे कार्यालय राजगुरुनगरला. तिला जाणं झेपत नसेल तर तिने नेमलेली व्यक्ती किंवा संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. शेजाऱ्याला कायद्यात जागा आहे ती इथे. मारहाण होत असेल तर मात्र समेटाची वाट पाहू नये, ११२ लावावा. नुसता सल्ला हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि तिथे काळजी वाटणाऱ्यानेही फोन करावा.

शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं बांधली, चांगलं केलं. तिथे आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसवावा, आणि त्याचं दार लेकीला, भाच्याला, शेजारणीलाही उघडं असावं. उद्घाटनाच्या फलकापेक्षा हा खर्च फार मोठा नाही.

घर-जमीन मुलाच्या नावे करणाऱ्या बक्षीसपत्राचं मात्र वेळेतच पाहावं लागतं. सांभाळण्याची अट नसेल तर २००७च्या त्याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेणं अवघड, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये बजावलं आहे. दुय्यम निबंधकाकडे सोबत गेलेल्या नातेवाइकाने अंगठा उमटण्याआधी दस्त वाचून घ्यावा. मुलगा समोर बसला असला तरी.