विश्लेषण : जंगलात फुकट तंबू ठोकता येतो का? राजगडाच्या पायथ्याशी नियम काय सांगतात?

थंडी पडू लागली की सोशल मीडियावर सह्याद्रीतल्या तंबूंचे व्हिडीओ फिरू लागतात. डोंगराची सोंड, रंगीत तंबू, शेजारी शेकोटी, मागे राजगडाचा बालेकिल्ला आणि खाली ओळ : 'फ्री कॅम्पिंग स्पॉट, एक रुपयाही खर्च नाही'. पुणे जिल्ह्यातला वेल्हे तालुका या व्हिडीओंचा आवडता. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय घेतला. राजगडाच्या पायथ्याचं पाली हे गाव याच तालुक्यातलं. पण या डोंगरात खरंच कुणीही, कुठेही, फुकट मुक्काम करू शकतं का?

'फ्री कॅम्पिंग' ही कल्पना आली कुठून?

प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातून. अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय वनांमध्ये ठरलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेरही तंबू लावता येतो. तिथे नळ, शौचालय, कचरापेटी असं काहीच नसतं आणि पैसेही पडत नाहीत. एका जागी साधारण १४ दिवसांची मर्यादा असते. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या माळावर, डोंगरात कुणालाही तंबू ठोकता येतो. मुख्य अट अशी, की जवळचं राहतं घर किमान १५० मीटर दूर हवं. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने असाच हक्क दिला आहे.

म्हणजे तिथे तंबू लावणं ही कायद्याने दिलेली मुभा आहे. तिच्यासोबत अंतर, दिवस, आग आणि कचरा यांचे नियमही येतात. आपल्याकडच्या व्हिडीओंत मुभा तेवढी उचलली जाते, नियम मागे राहतात.

भारतात असा हक्क आहे का?

नाही. आपल्याकडची वनजमीन आजही मुख्यतः १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली येते. या कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणं, तसंच मनाई असलेल्या काळात आग पेटवणं किंवा जळती वस्तू नेणं हा गुन्हा आहे. नेहमीच्या पायवाटेने दिवसा चालणाऱ्या ट्रेकरला सहसा कुणी अडवत नाही. मात्र ती सवलत आहे, तिला हक्क म्हणता येत नाही. रात्रीचा मुक्काम त्या सवलतीत गृहीत धरता येणार नाही.

अभयारण्यात नियम आणखी कडक होतात. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा ताम्हिणी अभयारण्यात शिरायलाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

पालीच्या वाटेवर जमीन कुणाची?

खरा घोळ इथे आहे. पालीतून राजगडाच्या पाली दरवाजाकडे जाणारी वाट शिवकाळात राजमार्ग मानली जायची. गावापासून गडापर्यंत चढताना पायाखालच्या जमिनीचा मालक बदलत जातो. आधी गावकऱ्यांची शेतं आणि गावाच्या वापरातल्या जागा, मग डोंगरउतारावरची वनजमीन आणि वर राज्य संरक्षित स्मारक असलेला गड. डोळ्यांना मात्र सगळा एकच डोंगर दिसतो. कुंपण नाही, फलक क्वचित, म्हणून 'ही जागा कुणाचीच नाही' असा समज होतो. प्रत्यक्षात बिनमालकाची अशी जागा जवळपास नसतेच.

जागा कुणाची हे तपासायला खर्च येत नाही. गावाचं नाव आणि गट क्रमांक माहीत असेल तर महाभूलेख संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट पाहता येतो. त्यावर वन विभागाचं नाव असेल तर परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे मागायची. शेतकऱ्याचं नाव असेल तर त्या शेतकऱ्याकडे.

गडावर मुक्काम चालतो का?

पिढ्यान्‌पिढ्या ट्रेकर राजगडाच्या पद्मावती माचीवरच्या मंदिरात पथारी टाकत आले. वाढत्या गर्दीबरोबर कचरा, चुली, तटबंदीची हानी आणि पाण्याच्या टाक्यांची घाण वाढली आणि राज्य पुरातत्त्व विभागाने गडावर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली.

११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. राजगड त्यातला एक. त्यामुळे गडावरचे नियम सैल होण्याची शक्यता आता कमीच.

शेकोटीवरून एवढा गहजब का?

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरला जातो. या काळात सह्याद्रीचे उतार वाळक्या गवताने भरलेले असतात. वाऱ्याने उडालेली एक ठिणगी रात्रीत अख्खी सोंड जाळू शकते. त्यात जनावरांची वैरण जाते, जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात आणि कधी माणसंही. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसपेक्षा जास्त ट्रेकर दगावले. त्यांच्या वाटेला वन विभागाची परवानगी नव्हती, त्यामुळे ते नेमके कुठे आहेत याची नोंद कुठेच नव्हती. परवानगीचा एक उपयोग हाही असतो. अडचण आली तर शोधायचं कुठे, हे कुणाला तरी ठाऊक असतं.

धुराने पोळी उठतात ही दुसरी जोखीम. गडकोटांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि त्यांच्या हल्ल्यात ट्रेकर जखमी होण्याच्या घटना घडत आल्या आहेत.

मग मुक्काम करायचा कुठे?

सध्या सरळ आणि कायदेशीर मार्ग म्हणजे पायथ्याच्या गावात राहणं. पाली किंवा गुंजवणेसारख्या गावात घरमालकाला विचारून अंगणात किंवा शेतात तंबू लावता येतो. त्याचे पैसे द्यावे लागतील, जेवणाचे वेगळे. पण पाणी मिळतं, गाडी सुरक्षित राहते आणि डोंगर माहीत असलेला माणूस हाकेच्या अंतरावर असतो. पहाटे चढाई सुरू केली तर सूर्योदयही चुकत नाही.

तंबू लावून देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांकडून जागा घेत असाल तर नोंदणी विचारावी. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती आवश्यक आहे. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, तेही निघण्याआधी पाहावेत. जंगलात वणवा दिसल्यास १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर कळवता येतं.

बंदीने प्रश्न सुटतो का?

पूर्ण नाही. गडावर मनाई आली, पण त्याच्या जोडीला खाली अधिकृत जागा ठरवून दिल्या गेल्या नाहीत, तर तंबू बंद होत नाहीत. ते फक्त सरकतात. राजगड-तोरणा दरम्यानच्या धारेसारख्या ठिकाणी, जिथे रात्री वनरक्षक पोचणं कठीण. तिथे मागे राहिलेल्या प्लास्टिकचा आणि लागलेल्या आगीचा भुर्दंड पडतो तो खालच्या गावांना. गुरं त्यांची चरतात, झरे त्यांचे आटतात किंवा नासतात आणि वणवा विझवायला झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन धावणारेही तेच असतात. 'एक रुपयाही खर्च नाही' असं म्हणताना हा हिशेब धरलेला नसतो.

पर्याय नवा शोधावा लागणार नाही. साताऱ्याच्या कास पठारावर वन विभाग आणि आसपासच्या गावांची समिती मिळून फुलांच्या हंगामात रोजची संख्या आणि शुल्क ठरवतात. त्यातून गावातल्या लोकांना काम मिळतं. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या वन संवर्धन कायद्यातल्या दुरुस्तीने, मंजूर कार्य आयोजनेत समावेश असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयींना 'वनेतर वापर' या व्याख्येतून वगळलं आहे. म्हणजे ठरावीक जागा, मोजके तंबू, शेकोटीला बंदी आणि गावच्या समितीकडे व्यवस्थापन, अशी व्यवस्था करायला कायद्याची मोठी आडकाठी उरलेली नाही. आता निर्णय वन विभागाने घ्यायचा आहे आणि गावांनी तो मागायचा आहे.

तोवर वनजमिनीवर विनापरवाना तंबू म्हणजे कारवाईची जोखीम, हे व्हिडीओ शेअर करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.