पेटीचा सूर, ढोलकीची लय

गिटारचा नवा प्रोसेसर खोक्यातून बाहेर काढला की ट्यूनरचा आधारस्वर ४४० हर्ट्‌झवर असतो आणि टेम्पो बहुधा १२० वर. पुढे त्या प्रोसेसरवर शेकडो पॅच तयार होतात, अँप आणि कॅबिनेटचे नमुने उतरवून घेतले जातात, पण हे दोन आकडे कारखान्यातून आले तसेच राहतात. कार्यक्रमांचा हंगाम तोंडावर असताना आम्हाला याच दोन आकड्यांविषयी लिहावेसे वाटले. गिटारचा टोन किती मेहनतीने घडवला आहे, हे श्रोत्याच्या लक्षात येईलच असे नाही. गिटार पेटीशी भांडते आहे आणि डिले ढोलकीच्या अंगावर येतो आहे, हे मात्र त्याला पहिल्या कडव्यातच जाणवते. कारण सांगता येत नाही, पण गाणे विस्कटल्यासारखे वाटते.

४४० ही आंतरराष्ट्रीय संमती आहे. १९५५मध्ये तिची शिफारस झाली, १९७५मध्ये ती आयएसओ-१६ म्हणून कायम झाली आणि आजचे कीबोर्ड तिलाच धरून असतात. पेटी तशी असेलच असे नाही. ज्याने ती जुळवली त्याचा कान, सुरांच्या पट्ट्यांचे वय, भात्याचा दाब, सगळे त्यात येते. शिवाय तबलजी हातोडीने तबला चढवू-उतरवू शकतो, तानपुऱ्याचे मणी सरकतात, गिटारची खुंटी फिरते. पेटीचा सूर मंचावर हलत नाही. म्हणून जिथे पेटी आहे तिथे बाकीच्यांनी पेटीला लागायचे, हा साधा व्यवहार आहे. ट्यूनरचा हिरवा दिवा लागला म्हणून आपली गिटार बरोबर आणि पेटी चुकीची, हा वाद मंचावर काही कामाचा नाही.

करायचे इतकेच. साउंडचेकच्या आधी पेटीवाल्यांना पांढरी सहा धरायला सांगा आणि मोबाइलमधल्या ट्यूनरवर तिची कंपनसंख्या वाचा. ४४३ दिसली तर प्रोसेसरच्या ट्यूनरमध्ये आधारस्वर ४४३ करा. बहुतेक यंत्रांवर ४३५ ते ४४५च्या आसपास हा आकडा सरकवता येतो. या पट्ट्यात एका हर्ट्‌झचा फरक म्हणजे सुमारे चार सेंट, म्हणजेच तीन हर्ट्‌झचे बारा सेंट. अर्धस्वराचे शंभर सेंट असतात हे लक्षात घेतले तर बारा हा आकडा किरकोळ वाटेल. पण पेटीचा लांब धरलेला षड्ज आणि गिटारची मोकळी तार एकत्र वाजली की त्या बारा सेंटांची लाट स्पष्ट ऐकू येते. पेटी जुनी असेल आणि तिचे सूर आपापसातच थोडे इकडेतिकडे असतील, तर पांढऱ्या सहाचा भरवसा धरू नका. ज्या पट्टीत गाणे आहे तिचा षड्ज आणि पंचम तपासा आणि त्यांना लागा. केपो लावणार असाल तर जुळवणी केपो लावल्यानंतरच करा, कारण त्याच्या दाबाने तारा किंचित चढतात.

जुळवताना नेक पिकअप घ्यावा, टोनचे बटण उतरवावे, तार मध्यम जोराने छेडावी. जोरात छेडलेली तार आधी चढी बोलते आणि मग खाली स्थिरावते. काटा स्थिरावल्यावर वाचायचा. सूर नेहमी खालून वर आणावा. तार चढी झाली तर आधी पुरेशी उतरवून पुन्हा वर न्यावी, नाहीतर नटच्या खाचेत अडकलेला ताण पहिल्याच मींडेला सुटतो. दिवाळी पहाटेच्या मंडळींनी आणखी एक पाहावे. पहाटेच्या गारठ्यात जुळवलेली तार ऊन अंगावर आले की सैलावते आणि उतरते. निवेदक बोलत असतो तेवढ्यात ट्यूनर म्यूटवर उघडून सहा तारा पाहून घेता येतात. बायपासवर उघडला तर तुमची जुळवणी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल.

आता टेम्पो. इथे आपल्या मंडळींचे जास्त अडते आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. बॉसचा डीडी-२ हा डिले १९८३मध्ये आला तेव्हा डिलेची वेळ बटण फिरवून कानानेच जुळवावी लागे, कमाल मर्यादा ८०० मिलिसेकंद. आज पायाने ठोके दिले की यंत्र वेळ काढते आणि आपण विभागणी निवडतो. ही विभागणी निवडताना बहुतेकांचे बोट डॉटेड एट्‌थवर जाते. यूटूच्या द एज यांनी ती नादमय केली, १९८७च्या ‘द जोशुआ ट्री’नंतर ती जगभरच्या गिटारवादकांच्या हाती बसली. पण ती चार ठोक्यांच्या रॉकमध्ये रुजलेली आहे. आपली निम्मी भावगीते दादऱ्यात आहेत.

दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन खंडांत पडतात आणि आपला पाय साहजिकच पहिल्या व चौथ्या मात्रेवर पडतो. म्हणजे प्रोसेसरच्या हिशेबात एक ठोका तीन मात्रांचा झाला. डॉटेड एट्‌थ म्हणजे त्याचा पाऊण भाग, म्हणजेच सव्वादोन मात्रा. पहिला प्रतिध्वनी सव्वादोन मात्रांनी येतो, दुसरा साडेचारांनी, तिसरा पावणेसातांनी, आणि चौथा नऊ मात्रांनी कुठे मात्रेवर बसतो. मधले तिन्ही ‘धा धी ना’च्या फटींत पडतात. तबलजीला वाटते गिटार लयीत नाही, गिटारवादकाला वाटते तबला धावतो आहे. दोघेही लयीत असतात, विभागणी चुकलेली असते. त्याच ठोक्याला एट्‌थ ट्रिपलेट दिले की प्रतिध्वनी बरोबर एका मात्रेवर येतो, क्वार्टर ट्रिपलेट दिले की दोन मात्रांवर. केहरव्यात मात्र दोन मात्रांचा ठोका धरला तर डॉटेड एट्‌थ दीड मात्रेवर येतो, दुसरा प्रतिध्वनी तिसऱ्या मात्रेअखेर, आणि तो ढोलकीच्या भरीत छान मिसळतो. रूपकात तीन-दोन-दोन अशा असमान खंडांवर ठोके दिलेत तर यंत्र गोंधळेल. तिथे दर मात्रेला ठोका द्यावा.

ठोके देण्यातही कसर राहते. १०० बीपीएमला एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. पाय वीस मिलिसेकंद आधी पडला की यंत्र १०३ समजते. डॉटेड एट्‌थ ४५० ऐवजी ४३७वर येतो आणि चौथ्या प्रतिध्वनीपर्यंत हा फरक पन्नासच्या वर जातो. तेवढा फरक कानाला दुहेरी आघात म्हणून कळतो. म्हणून दोन ठोक्यांवर न थांबता चार-पाच द्यावेत. अनेक यंत्रे त्यांची सरासरी काढतात. ठोके उठावाच्या बोलांवर न देता ढोलकीच्या धुमाचा आधार घेऊन द्यावेत. आधीचा प्रतिध्वनी विरल्यावर द्यावेत, कारण चालू प्रतिध्वनीची वेळ बदलली की अनेक डिलेंमध्ये सूर घसरतो. आणि लय फार संथ असेल, मागितलेली वेळ यंत्राच्या मर्यादेबाहेर गेली, तर काही प्रोसेसर ती गुपचूप निम्मी करतात, हेही माहीत असलेले बरे.

सगळ्यात जास्त घोटाळा मात्र पॅच बदलताना होतो. मुखड्याला नीट ठोके दिलेले असतात, अंतऱ्याआधीच्या म्युझिकसाठी लीडचा पॅच दाबला जातो आणि डिले थेट १२०वर जातो, कारण त्या पॅचमध्ये तोच टेम्पो साठवलेला असतो. हेलिक्स मालिकेत टेम्पो स्नॅपशॉटगणिक, प्रीसेटगणिक की सर्वांना एकच, हे सेटिंग्जमधून ठरवता येते. इतर अनेक यंत्रांतही अशी सोय सापडते. जिवंत तालवाद्यांसोबत वाजवणाऱ्याने ‘सर्वांना एकच’ ठेवावे असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच मालिकेत टॅपचे फूटस्विच दाबून धरले की ट्यूनर उघडतो. पाय जरा रेंगाळला आणि ट्यूनर म्यूटवर असला की ऐन म्युझिक पीसमध्ये गिटार गायब. ठोका द्या आणि पाय उचला, ही सवय घरीच लावावी लागते.

क्लिक किंवा लूपवर चालणाऱ्या वाद्यवृंदात मिडी क्लॉकची केबल जोडली की हा प्रश्न मिटतो. दर ठोक्याला २४ स्पंदने जातात आणि प्रोसेसर त्यांच्यामागे चालतो. पण आपले बरेचसे कार्यक्रम जिवंत लयीचे आहेत आणि तसेच राहावेत. शेवटच्या अंतऱ्याला गायक लय चढवतो तो त्याचा हक्क आहे. अशा वेळी दोन अंतऱ्यांच्या मध्ये पुन्हा ठोके द्या. तेवढी उसंत नसेल तर फीडबॅक उतरवून एकच प्रतिध्वनी ठेवा, तोही दबका.

गाण्यांच्या यादीत पट्टी सगळेच लिहितात. तिच्याशेजारी ताल, पाय कोणत्या मात्रेवर, ठोका आणि विभागणी लिहायला सुरुवात करा: ‘काळी चार, दादरा, १ आणि ४, ठोका ५२, ट्रिपलेट’. गिटार एकटी सुरुवात करते अशा गाण्यांत ठोके घ्यायला ढोलकी नसतेच, तिथे हा आकडाच कामी येतो. क्लास चालवणाऱ्या शिक्षकांना आमची विनंती आहे की प्रोसेसर शिकवताना मेट्रोनोमवर थांबू नका. शेजारच्या तबला क्लासची मुले बोलवा, दादरा धरायला सांगा आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यावर टॅप करू द्या. रूपक, दीपचंदी आणि लावणीच्या ठेक्यांसाठी कोणत्या विभागण्या बसतात याचा तक्ता पुढच्या अंकात देत आहोत. तुमच्या यंत्रावर वेगळे काही आढळले तर त्याच्या मॉडेलसह जरूर कळवा.