नुसत्याच एम.बी.बी.एस.?

आमच्या शेजारच्या मावशींना ब्लडप्रेशर आहे, साखर आहे आणि गुडघ्यांमुळे जिना नकोसा झाला आहे. तीन दुखणी, तीन डॉक्टर, तीन फाईली. मध्यंतरी प्रेशर वाढले म्हणून गोळी वाढवली, तरी उतरेना. शेवटी वस्तीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. गुडघ्यांसाठी दिलेली गोळी मावशी दोन महिने रोज घेत होत्या. दुखणे थांबवणाऱ्या अशा कित्येक गोळ्यांनी प्रेशर चढते, मूत्रपिंडावरही ताण येतो. बाईंनी ती बदलून दिली आणि प्रेशर हळूहळू खाली आले. (वाचक भगिनींनो, आपल्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नका.) तिन्ही मोठे डॉक्टर हुशारच होते. पण पिशवी कोणी उघडली नव्हती.

पूर्वी घरून बाटली नेली की कंपाउंडर लाल औषध भरून, वर कागदाची पट्टी चिकटवून देई. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आजीचा दमा आणि नातवाचा गोवर दोन्ही ठाऊक असत. असे डॉक्टर का आटले? १९४६ साली भोर समितीने कमी मुदतीचा एल.एम.पी. अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा असे सुचवले. खेड्यांना डॉक्टर पुरणार नाहीत म्हणून समितीतल्याच काही सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला होता. एल.एम.पी. गेले, आणि एम.बी.बी.एस. ही पुढे चढायची नुसती पायरी होऊन बसली. साडेचार वर्षे शिक्षण, वर्षभर इंटर्नशिप, की लगेच पी.जी.च्या परीक्षेचा अभ्यास. तिथे रेडिओलॉजीच्या, त्वचारोगाच्या जागा आधी संपतात. तीस हजार वस्तीमागे, डोंगरी व आदिवासी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम आहे. इमारत उभी राहते. डॉक्टरांची खुर्ची कितीतरी ठिकाणी रिकामी.

मुलांनाच दोष देऊन कसे चालेल? कर्ज फेडायचे असते, घरच्यांच्या आशा असतात. आणि आपण तरी त्यांना काय मान देतो? गेल्या वर्षी वस्तीतल्या गुणगौरव समारंभाला ह्याच डॉक्टरीणबाई पाहुण्या होत्या. चहा घेताना कोणीतरी विचारले, "बाई, नुसत्याच एम.बी.बी.एस.? पुढे नंबर लागला नाही का?"

बाई हसल्या, कप खाली ठेवला आणि निघाल्या. दवाखान्याची वेळ झाली होती. विचारणारे आम्हीच होतो.