हरवले ते सापडेल काय?

दिवाळीला मुंबईहून बदनापूरला माहेरी निघालेल्या भगिनींच्या बॅगेत हल्ली फराळाच्या डब्याशेजारी रुपयाहून जराशी मोठी एक चकती असू लागली आहे. तिला म्हणतात ब्लूटूथ ट्रॅकर. बॅग हरवली तर ती ठिकाण सांगेल, हा भरवसा. भरवसा जरूर ठेवावा. पण किती, हे आधी जाणून घ्यावे.

साध्या चकतीचा उपग्रहाशी काही संबंध नसतो. ‘मी इथे आहे’ असे ती सारखी पुटपुटत असते. जवळून जाणाऱ्या अनोळखी मोबाइलने ते ऐकले, तर तो ठिकाण कळवतो. तेही धन्यालाच वाचता यावे अशा सांकेतिक लिपीत. म्हणूनच दादर स्थानकावर ती बोलकी, आणि बदनापूरच्या एखाद्या बांधावर पडली की मुकी! घडी गेली, तर बातमीही शिळी.

आता दुसरी बाजू. हीच चकती कोणी गुपचूप तुमच्या पर्समध्ये टाकली तर? ॲपलची एअरटॅग 2021 साली आली आणि हा धोका चव्हाट्यावर आला. मे 2024 मध्ये ॲपल व गूगल यांनी मिळून तोड काढली: अनोळखी चकती सोबत फिरू लागली, की फोन इशारा देतो. तो इशारा झटकून टाकू नका. चकतीचे छायाचित्र घ्या आणि 112 वर पोलिसांना कळवा.

बॅगेचे ठिकाण दिसले, तरी एकट्याने चोराच्या दारी जाऊ नये. रेल्वेत असाल तर 139 आहे. आणि हो, बॅगेवर नाव-पत्त्याची चिठ्ठी लावाच. तिला बॅटरी लागत नाही!